बँकेच्या काउंटरमागचं एक वर्ष: अप्रेंटिसशिपमध्ये मी काय शिकलो, काय चुकलो



मागच्या व्हिडिओत करंट अकाउंटबद्दल बोलताना मी ओघात सांगून गेलो की मी एक वर्ष बँकेत अप्रेंटिस होतो. तेव्हापासून दोन प्रश्न सारखे येतायत. एक, "सर, धंदा टाकायच्या आधी अशी अप्रेंटिसशिप करावी का?" आणि दुसरा, "बँकवाले लोन देताना नेमकं बघतात काय?" दोन्हींची उत्तरं त्या एका वर्षात आहेत, म्हणून आज तेच सविस्तर. काही गोष्टी कॅमेऱ्यासमोर बोलायला जड जातात. त्यातली एक इथे लिहितोय.

२०१६ ला माझं बीबीए झालं. वर्षभर एमबीएच्या परीक्षांची तयारी केली, मन लागलं नाही, सोडली. दुकान टाकायचं डोक्यात होतं, पण भांडवल नव्हतं आणि खरं सांगायचं तर अक्कलही नव्हती. बीबीएला वर्किंग कॅपिटलची व्याख्या पाठ केली होती. चलन कसं भरतात ते माहीत नव्हतं. जून २०१७ मध्ये साताऱ्यात एका खाजगी बँकेच्या शाखेत शिकाऊ उमेदवार म्हणून लागलो. स्टायपेंड महिन्याला साडेआठ हजार. घरी सांगितलं, "बँकेत लागलो." आईनं पेढे वाटले. ती नोकरी नाही, हे सांगायला मला दोन महिने लागले.

हे आधी समजून घ्या, कारण इथेच बरेच जण फसतात. आपल्याकडे शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. २०१४ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि इंजिनिअरिंगच्या बाहेरच्या पदवीधरांनाही दार उघडलं. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार प्रोत्साहन योजना आणली. त्या कायद्यानुसार तुम्ही कामगार नसता, प्रशिक्षणार्थी असता. करार होतो, मुदत ठरलेली असते आणि मुदत संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन मालकावर नसतं. त्यामुळे "एक वर्ष काढलं की पर्मनंट करतील" असं कुणी सांगितलं तर ते कागदावर मागा. कागदावर नसेल तर ते नाही असंच धरा.

मला पर्मनंट व्हायचंच नव्हतं म्हणून मी वाचलो. माझ्याबरोबर दोन मुलं होती, त्यांना व्हायचं होतं. त्यांचं वर्ष माझ्यापेक्षा वाईट गेलं.

पहिले तीन महिने: कॅश

सुरुवातीला मला कॅश काउंटरच्या मागे बसवलं. पैशाला हात लावायचा नाही, फक्त बघायचं. काउंटरवर एक वयस्कर गृहस्थ होते. आधी एका सहकारी बँकेत उमेदीची वर्षं काढून इकडे आलेले, शाखेत सगळे त्यांना काका म्हणायचे. मला शिकवायचं काम त्यांच्याकडे कुणी दिलेलं नव्हतं, पण शिकवलं त्यांनीच.

सकाळी तिजोरी उघडायची तर दोन किल्ल्या लागतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. एकटा मॅनेजरसुद्धा तिजोरी उघडू शकत नाही. कॉम्प्युटरवरही तेच. एक जण एंट्री करतो, दुसरा तपासून पास करतो. याला मेकर-चेकर म्हणतात. मला आधी वाटलं की हा माणसावरचा अविश्वास आहे. काका म्हणाले, "अरे, हे माणसाला वाचवायला आहे. एकट्याच्या हातात सगळं असलं की उद्या शंभर रुपये कमी आले तरी बोट त्याच्याकडेच जाणार."

आज माझ्या दुकानात गल्ला एक जण सांभाळतो आणि रात्री मोजणी दुसरा करतो. दोघांची सही एका वहीत. पोरांना सुरुवातीला राग आला होता. मी काकांचंच वाक्य त्यांना ऐकवलं.

संध्याकाळी कॅश जुळवायची. शंभर नोटांचं एक पॅकेट, दहा पॅकेटांचं एक बंडल, आणि सुट्या नोटा वेगळ्या. दहा रुपये कमी पडले तरी कुणी घरी जात नव्हतं. आणि मला सगळ्यात आश्चर्य याचं वाटलं होतं की दहा रुपये जास्त आले तरीही जात नव्हतं. जास्तीचे पैसे कुणी खिशात घालत नाही, ते वेगळ्या खात्यात नोंदवतात, कारण कुणा गिऱ्हाइकाला कमी गेले असतील तर तो उद्या येणार. आपल्या दुकानात गल्ला जास्त भरला तर आपण खूश होतो. खूश होऊ नका. कुठलं तरी बिल चुकलंय किंवा कुणाची तरी उधारी जमा होऊन वहीत लागलेली नाही.

नकली नोटेचा प्रसंग प्रत्येक महिन्याला यायचा. एक फळवाला भरणा करायला आला, त्यात पाचशेची एक नोट नकली निघाली. तो म्हणाला, "साहेब, परत द्या, ज्यानं दिली त्याच्याच गळ्यात मारतो." नाही देता येत. रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की बँकेनं ती नोट शिक्का मारून जप्त करायची आणि पावती द्यायची. पैसे गेले ते गेले. एका भरण्यात अशा चारपर्यंत नोटा निघाल्या तर बँक महिन्याच्या शेवटी पोलिसांना एकत्र कळवते. पाच किंवा जास्त निघाल्या तर थेट एफआयआर. म्हणजे नोट तपासायची जागा बँकेचं काउंटर नाही, तुमचं काउंटर आहे. फळवाला त्या दिवशी माझ्यावरच चिडून गेला, आणि मला पावती फाडण्यापलीकडे काही करता येत नव्हतं.

जीएसटीचा पाऊस

१ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि शाखेत दुकानदारांची रीघ लागली. वर्षानुवर्षं सेव्हिंग खात्यावर धंदा चालवणारे लोक करंट अकाउंट उघडायला आले. फॉर्म भरून घ्यायचं काम माझ्याकडे. तिथे मला कळलं की आपल्या लोकांचा धंदा चांगला असतो, पण कागद एकमेकांशी बोलत नाहीत.

बोर्डावर एक नाव, शॉप ॲक्टच्या कागदावर त्याच नावाचं वेगळं स्पेलिंग, बिलबुकावर तिसरंच. व्यापारी फर्मच्या नावानं चेक देतो आणि मालकाचं खातं फक्त स्वतःच्या नावाचं. तो चेक जमा होत नाही. एक गृहस्थ चाळीस हजारांचा असा चेक घेऊन तीन वेळा आले. चेकची मुदत तारखेपासून तीन महिने असते, ती संपत आली होती. शेवटी त्यांनी पार्टीकडून बदलून आणला. पार्टी ओळखीची होती म्हणून, नाहीतर अवघड होतं.

तुम्ही आज दुकान टाकत असाल तर नाव एकदाच ठरवा, इंग्रजी स्पेलिंग कागदावर लिहून भिंतीला चिकटवा आणि शॉप ॲक्ट, उद्यम नोंदणी, जीएसटी, बँक खातं, बिलबुक सगळीकडे अक्षर न अक्षर तेच लिहा. माझ्या वेळी उद्योग आधार होता, १ जुलै २०२० पासून त्याच्या जागी उद्यम आलं. नोंदणीला पैसे लागत नाहीत. कुणी हजार रुपये मागत असेल तर तो त्याची मजुरी घेतोय, सरकारची फी नाही.

ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं

दिवाळीनंतर मला काउंटरवरून उचलून सेल्सला टाकलं. करारात "सर्व विभागांचं प्रशिक्षण" असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात मला टार्गेट मिळालं. महिन्याला इतकी आरडी, इतके विमा पॉलिसीचे ग्राहक. सेल्स मॅनेजरनं पहिल्या दिवशी एकच धडा दिला, "जो काहीतरी मागायला आलाय, त्याला विकायला सोपं जातं."

शाखेत एक मावशी रोज दुपारी भरणा करायला यायच्या. पोळी-भाजी केंद्र चालवायच्या, तीन बायका हाताखाली. रोजचे चार-साडेचार हजार. नोटांना पिठाचा वास यायचा. त्यांना कणीक मळायचं आणि पोळ्या लाटायचं मशीन घ्यायचं होतं, मुद्रा योजनेत दीड लाखाचं कर्ज हवं होतं. मुद्रा योजना एप्रिल २०१५ पासून आहे. पन्नास हजारांपर्यंत शिशु, त्यावर पाच लाखांपर्यंत किशोर, त्यावर दहा लाखांपर्यंत तरुण. तारण लागत नाही. मावशींचा अर्ज किशोरमधला. फाईल मीच तयार केली. खातं स्वच्छ, भरणा नियमित. साहेब सहज देतील असं मलाही वाटत होतं.

आणि मी त्यांना म्हणालो, "मावशी, एक पॉलिसी घेतली तर लोनला मदत होईल."

हे वाक्य मला कुणी लिहून दिलं नव्हतं. आजूबाजूला सगळे तेच बोलत होते, मीही बोललो. ते खोटं होतं. कर्जासाठी विमा घेण्याची सक्ती बँक करू शकत नाही आणि पॉलिसी घेतल्यानं फाईलला एक मार्कही वाढत नाही. मावशींनी कुठे सही करायची तेवढं विचारलं. अठरा हजारांचा वर्षाचा हप्ता त्यांच्या करंट खात्यातून गेला. माझं त्या महिन्याचं टार्गेट पूर्ण झालं, सगळ्यांसमोर टाळ्या मिळाल्या.

चार दिवसांनी मावशींनी तेलाच्या व्यापाऱ्याला दिलेला साडेचौदा हजारांचा चेक क्लिअरिंगला आला. हप्ता जाण्याआधी खात्यात तेवीस हजार होते. आता पाच. चेक परत गेला.

चेक परत जाण्याचा अर्थ काउंटरच्या अलीकडून मला वेगळाच वाटायचा, म्हणजे थोडे चार्जेस लागतात आणि पुन्हा भरला की झालं. पलीकडून तसं नसतं. कायद्यानं तो गुन्हा होऊ शकतो. चेक परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत समोरच्यानं नोटीस द्यायची आणि नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत तर कलम १३८ खाली केस होते. मावशींनी दुसऱ्याच दिवशी रोख पैसे नेऊन दिले, प्रश्न तिथे मिटला. पण स्टेटमेंटवर ती एक ओळ राहिली.

क्रेडिटवाल्या साहेबांनी फाईल उघडली, सहा महिन्यांचं स्टेटमेंट खाली सरकवत नेलं आणि त्या ओळीवर पेन थांबलं. "इनवर्ड रिटर्न आहे. सहा महिन्यांनी बघू." फाईल बंद. सगळं मिळून दोन मिनिटं. त्या स्टेटमेंटची झेरॉक्स मीच काढून दिली होती.

मावशींना मीच सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तू सांगितलंस म्हणून घेतली रे."

त्या रात्री मला झोप आली नाही वगैरे लिहिणार नाही. झोप आली. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी काकांना सगळं सांगितलं. ते डबा खात राहिले. मग म्हणाले, "पॉलिसीच्या पाकिटातला पहिला कागद कधी वाचलायस का? विकतोस ना?"

वाचला नव्हता. त्यात फ्री-लूकची अट असते. पॉलिसी हातात पडल्यापासून ठरावीक दिवसांत ती नको म्हणून परत करता येते. तेव्हा ते पंधरा दिवस होते, आता तीस आहेत. मुदतीत अर्ज दिला की हप्ता परत मिळतो. स्टॅम्प ड्युटी, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचा विम्याचा खर्च फक्त वजा होतो. मावशींना पॉलिसी मिळून बारा दिवस झाले होते. मी संध्याकाळी त्यांच्या केंद्रावर गेलो, मराठीत अर्ज लिहिला, त्यांनी हात पुसून सही केली, तेराव्या दिवशी तो जमा करून पोच घेतली. काही शे रुपये कापून पैसे परत आले.

सेल्स मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावून जे काही सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढचे तीन आठवडे माझी ड्युटी पासबुक प्रिंटिंगच्या मशीनवर होती. ते मशीन दर तासाला अडकायचं, सगळ्या गावाच्या शिव्या मी खाल्ल्या.

स्टेटमेंटवरची ओळ मात्र गेली नाही. ती जात नसते. फक्त तिच्यावर नवीन स्वच्छ महिने साचत जातात. मावशींनी सहा महिने रोजचा भरणा चुकवला नाही आणि एकही चेक हातात पैसे असल्याशिवाय दिला नाही. मे २०१८, माझा शेवटचा आठवडा, फाईल परत टेबलावर आली. दीड लाख मागितले होते, एक लाख वीस हजार मंजूर झाले.

साहेब नेमकं काय बघतात

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. शेवटचे चार महिने मी क्रेडिटच्या टेबलाशेजारी बसलो, फाईली लावायला. तिथे पाहिलेलं सांगतो.

छोट्या धंद्याला माल भरायला जे कर्ज लागतं, म्हणजे सीसी लिमिट, त्याचं एक सोपं गणित बँका वापरतात. नायक समितीच्या शिफारशीतून आलेलं. तुमची वर्षाची जी विक्री अंदाजली जाते तिच्या २५ टक्के खेळतं भांडवल लागतं असं धरायचं. त्यातले २० टक्के बँक देणार, ५ टक्के तुमचे. विक्री १२ लाख असेल तर गरज ३ लाखांची, बँकेचे २ लाख ४० हजार आणि तुमचे ६० हजार.

आता मेख इथे आहे. तुमची विक्री १२ लाख आहे हे तुम्हाला माहीत आहे. साहेबाला खात्यात जेवढं दिसतं तेवढंच माहीत आहे. गल्ल्यातून परस्पर मालवाल्याला पैसे दिले, घरखर्च भागवला, भिशी भरली, उरलेले ३ लाख खात्यात टाकले, तर साहेबाच्या दृष्टीनं तुम्ही ३ लाखांचा धंदा करता. २० टक्के म्हणजे ६० हजार. मग आपण बाहेर येऊन म्हणतो, बँका गरिबाला देत नाहीत. काही वेळा ते खरंही असतं, मी नाकारत नाही. ओळखीच्या माणसाची फाईल वर आणि अनोळखी माणसाची खाली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण पडून राहिलेल्या बऱ्याच फाईलींमध्ये माणूस कमावत होता आणि खातं गप्प होतं.

आज यूपीआयमुळे हे सोपं झालंय आणि बिघडलंयही. दुकानातला क्यूआर कोड मुलाच्या सेव्हिंग खात्याला जोडलेला असतो. सगळी विक्री मुलाच्या नावावर दिसते आणि लोन बाप मागतो. आज हे वाचून झाल्यावर पहिलं काम हे करा, तुमचा क्यूआर कुठल्या खात्याला लागलाय ते बघा.

सिबिल स्कोर बघतातच, ३०० ते ९०० मध्ये असतो. पण नवीन माणसाला स्कोरच नसतो, तेव्हा स्टेटमेंटच बोलतं. भरणा नियमित आहे का. महिन्याच्या शेवटी खातं शून्याला टेकतं का. चेक परत गेलेत का. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही, अर्जाच्या आधी आठवडाभर एकदम मोठी रक्कम भरली की साहेबाला लगेच कळतं ती कुणाकडून तरी आणलीय. मी एकदा तसं भरायचा सल्ला एका मित्राला दिला होता. काकांनी ऐकलं आणि फक्त हसले.

२०१९ ला मी कराडमध्ये पॅकिंग मटेरियलचं दुकान टाकलं. पहिल्या दिवसापासून करंट खातं, पहिल्या दिवसापासून रोजचा भरणा, अगदी सातशे रुपये असले तरी. दोन वर्षांनी सीसी मागायला गेलो तेव्हा टेबलापलीकडच्या मुलानं स्टेटमेंट खाली सरकवायला घेतलं आणि मी नकळत त्याच्या पेनाकडे बघत बसलो. पेन कुठे थांबलं नाही. मग तो म्हणाला, "सर, एक पॉलिसी पण घेतली असती तर..." मी त्याला चहाला बाहेर नेलं.

तर मग अप्रेंटिसशिप करावी का?

वय वीस-बावीस असेल, घरची जबाबदारी अजून अंगावर नसेल, तर करा. सरकारी बँकाही आता मोठ्या संख्येनं घेतात. स्टेट बँकेच्या २०२३ च्या जाहिरातीत ६,१६० जागा होत्या, मुदत एक वर्ष, स्टायपेंड महिन्याला १५ हजार, वय २० ते २८, पदवी हवी आणि स्थानिक भाषा यायला हवी. मराठी दहावीला असलेल्यांना ते जड नाही. पण एकदा कुठेही अप्रेंटिसशिप केली की अशा जाहिरातींत दुसऱ्यांदा बसता येत नाही, त्यामुळे पहिली जागा विचार करून निवडा.

घर तुमच्यावर चालत असेल तर नका करू. तेवढ्याच वेळात एखाद्या होलसेल दुकानात हिशेबाला बसा, पैसेही जास्त मिळतील.

करायचीच असेल तर करार सही करण्याआधी पूर्ण वाचा आणि कुठल्या महिन्यात कुठलं टेबल ते विचारून घ्या. सेल्सवर टाकलं तर एक-दोन महिने जरूर करा, विकायला शिकणं वाईट नाही. सहा महिने तेच चाललं तर लेखी विचारा. माझ्याबरोबरच्या एका मुलानं अकरा महिने फक्त पॉलिस्या विकल्या. त्याला आजही कॅश जुळवता येत नाही, आणि त्याच्या सर्टिफिकेटवर माझ्या सर्टिफिकेटइतकाच मजकूर आहे.

पुढच्या व्हिडिओत आपण एक खरं स्टेटमेंट, नावं झाकून, ओळीओळीनं वाचणार आहोत. तोपर्यंत तुमच्या खात्याचं मागच्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट प्रिंट करून ठेवा. पेन लाल घ्या. जिथे तुमचं स्वतःचं पेन थांबेल त्या ओळी कमेंटमध्ये लिहा, रक्कम नको, फक्त काय झालं होतं ते.